डावखुऱ्याची नक्कल

नकल्या जन्मात कधी स्वतः म्हणून लढला नाही. उमेदीची सगळी वर्षं तो दुसराच कुणीतरी बनून मार खात राहिला आणि त्यावरच त्याचं पोट चाललं. असल्या धंद्याला लोक धंदा म्हणत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

मुष्टियुद्धात असा एक माणूस असतो की ज्याचं नाव कुठे छापून येत नाही. चॅम्पियनची पुढची लढत ज्या गड्याशी ठरली असेल, त्या गड्याच्या चालीने हा माणूस रोज सरावात चॅम्पियनसमोर उभा राहतो. तो गडी वाकून खेळत असेल तर ह्याने वाकायचं, तो नाचत असेल तर ह्याने नाचायचं. त्या गड्याच्या फिल्मा डोळ्यांत तेल घालून बघायच्या. खांदा कधी हलतो, श्वास कधी सोडतो, दमला की कुठला पाय ओढतो, हे सगळं अंगात मुरवायचं आणि मग लढतीच्या दिवसापर्यंत रोज उभं राहून ठोसे खायचे. खऱ्या लढतीत चॅम्पियनला समोरचा माणूस ओळखीचा वाटला पाहिजे, एवढंच काम. लढत संपली, पंचांनी चॅम्पियनचा हात वर केला, की ह्याने जुना गडी अंगातून काढून टाकायचा आणि नवा चढवायला घ्यायचा.

हे काम तो इतकं बेमालूम करायचा की व्यायामशाळेत त्याला सगळे नकल्याच म्हणायला लागले. खरं नाव बायकोला ठाऊक होतं, पण ती हाक मारायची ती ‘अहो’ म्हणून. म्हणजे ते नाव नवं कोरं तसंच पडून राहिलं.

आता त्याची साठी उलटली होती. बाजारामागच्या गल्लीतल्या एका लाँड्रीत तो कपड्यांना इस्त्री करायचा. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, शेवटी पाठ. पायाने इस्त्रीची पट्टी दाबली की वाफ फुसकन वर यायची आणि त्याच्या चष्म्यावर धुकं धरायचं. तो मुकाट्याने चष्मा पुसायचा आणि पुढचा शर्ट घ्यायचा. उजव्या कानाने त्याला ऐकू येत नसे. चॅम्पियनचा डावा हूक, म्हणजे बाजूने येणारा ठोसा, जगभर नावाजलेला होता, पण तो किती जबरदस्त होता ह्याचा पुरावा कुणाला हवाच असेल तर तो नकल्याच्या उजव्या कानाशी बसलेला होता. डोकं ठणकायचं, बोटांची पेरं थंडीत आखडायची, आणि बरं नसलेल्या दिवशी तो बोलता बोलता वाक्य अर्धंच टाकून द्यायचा. बायको ते पुरं करायची. तिला सवय झाली होती.

तर अशा ह्या माणसाकडे एक दिवस मुष्टियुद्ध संघटनेचा निरोप आला.

संघटनेने नवा हॉल बांधला होता. त्याच्या दर्शनी भिंतीवर आजवरच्या थोर मुष्टियोद्ध्यांचे फोटो लावायचे ठरले, आणि नुसते नाही, क्रमवार. पहिला कोण, दुसरा कोण, अगदी शेवटपर्यंत. आता ह्याची काही गरज होती का? मेलेल्यांना त्याचं सोयरसुतक नाही आणि जिवंत आहेत त्यांची झोप उडणार. पण संघटना म्हटली की समिती आली, आणि समिती म्हटली की तिला काहीतरी ठरवावं लागतंच. समितीत तिघे होते. निवृत्त पंच हे अध्यक्ष, दुसरा क्रीडा पत्रकार आणि तिसरे डॉक्टर, ज्यांनी रिंगच्या कडेला बसून अर्धं आयुष्य लोकांच्या भुवया शिवल्या. माणसं वाईट नव्हती. खरंच मन लावून बसली होती बिचारी.

भांडण पहिल्या जागेचं होतं. एका बाजूला आपला चॅम्पियन, निवृत्त, जिवंत, गुडघे गेलेला. दुसऱ्या बाजूला गोदीवाला. हा फार पूर्वीचा, गोदीत पोती उचलता उचलता रिंगमध्ये आलेला, आणि केव्हाच वारलेला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं गोदीवाल्याचं झालं होतं. दर वर्षी त्याचा ठोसा आणखी जड होत चालला होता. तरी चॅम्पियनच्या लढती जास्त, जेतेपदं जास्त, आणि त्याला खेळताना प्रत्यक्ष पाहिलेली माणसं अजून हिंडत-फिरत होती. अडत होतं ते एकाच माणसापाशी. तो म्हणजे डावखुरा.

चॅम्पियन ऐन भरात असताना एक डावखुरा गडी वर आला होता. येईल त्याला झोपवत होता. दोघांची लढत ठरली, भिंतींवर पोस्टर लागली, तिकिटं संपली, आणि लढत तोंडावर आली असताना ती रद्द झाली. चॅम्पियनचा हात दुखावला, असं सांगण्यात आलं. हात बरा झाला, पण लढत पुन्हा काही ठरली नाही. गोदीवाल्याची बाजू घेणारे तेव्हापासून एकच पालुपद लावून बसले होते, की आमचा माणूस समोर येईल त्याच्याशी लढला, तुमचा निवडून निवडून लढला.

त्या वेळी व्यायामशाळेत आत कोण कोण होतं? चॅम्पियनला घडवणारा वस्ताद देवाघरी गेला. मालिशवाला कुठल्या कुठे गेला. राहिला नकल्या.

“त्यांना तुमचं मत हवंय म्हणे,” बायको म्हणाली. ती वाटाणे सोलत होती. “मग काय सांगणार?”

“पहिला. दुसरं काय सांगणार?”

“तुमच्या त्या चॅम्पियनला पहिला ठरवून आपल्या घरात काय उजेड पडणार आहे?”

“पडेल.”

“पडेल म्हणे! रात्री कण्हता तुम्ही, उशीत तोंड खुपसून. मला ऐकू येतं. माझे दोन्ही कान शाबूत आहेत.”

नकल्याने थोडा वेळ तिच्याबरोबर वाटाणे सोलले. मग तो म्हणाला, “हे बघ. तो पहिला ठरला तर मी पहिल्याचा मार खाल्ला. नाहीतर मी नुसताच मार खाल्ला.”

  लग्न झाल्यापासून ती हाच हिशेब बघत आली होती, आणि तो एकदाचा जमावा असं तिलाही वाटत होतंच.

पण एक गोष्ट नकल्याने बायकोलाही सांगितली नव्हती. चॅम्पियनच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं.

डावखुरा समोर असला की सगळं उलटं होतं, आरशात बघून दाढी करताना होतं तसं. म्हणून त्या खेपेला वस्तादाने नकल्याला फार आधीपासून कामाला लावलं. नकल्या डाव्या हाताने जेवायला लागला. डाव्या हाताने दात घासायला लागला. बायको म्हणाली, बरे आहात ना? वस्तादाचा एकच कायदा होता, की फिल्ममध्ये नाही ते करायचं नाही. आपली अक्कल चालवायची नाही. चॅम्पियनला तू नकोयस, समोरचा हवाय. नकल्याने तो कायदा कधी मोडला नव्हता.

आणि एका दुपारी, रोजच्यासारखाच सराव चाललेला असताना, नकल्याचा डावा ठोसा सरळ आत गेला आणि चॅम्पियन खाली बसला. पडला म्हणजे आडवा नाही. बसला. पाय पसरून, लहान मूल बसतं तसा, आणि वर बघत राहिला. चॅम्पियनला खाली बसलेलं त्याआधी कुणीच पाहिलं नव्हतं. वस्तादाने धावत जाऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी चॅम्पियनच्या धडधाकट हाताला पट्टी आली, आणि मग सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

नकल्याला त्यात वावगं वाटलं नव्हतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. ज्याच्या नुसत्या नकलेने चॅम्पियन खाली बसतो, तो खरा डावखुरा केवढा भयंकर असेल! त्याच्यासमोर चॅम्पियनला न पाठवणं हेच शहाणपण. तेव्हापासून नकल्याच्या मनात डावखुऱ्याचा फार मोठा धाक बसला होता. लाँड्रीत वाफेमागे उभा असताना कधीकधी तो ठोसा त्याच्या हातात पुन्हा यायचा, आणि त्याला वाटायचं, काय माणूस होता!

समितीपुढे जायच्या आदल्या दिवशी चॅम्पियन लाँड्रीत आला. पूर्वी तो आला की रस्त्यावर गर्दी व्हायची. आता फक्त दाराशी झोपलेला कुत्रा उठून बाजूला झाला. अंगात चांगला कोट, हातात काठी, आणि आवाज आधीच बारीक होता तो आणखी बसलेला. तो नकल्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. कुठल्या कानाशी बोलायचं हे त्याला सांगावं लागत नसे.

“उद्या जाणारेस ना?”

“जाणार तर. जेवणाच्या सुट्टीनंतर बोलावलंय.”

“काय सांगशील?”

“आता हेही विचारायचं का? पहिला!”

चॅम्पियन इस्त्रीकडे बघत राहिला. “आणि डावखुऱ्याचं विचारलं तर?”

“हात दुखावला होता. साऱ्या जगाला माहीत आहे.”

“जरा बाहेर येतोस? बसून बोलू.”

“बघतोयस ना, ढीग पडलाय नुसता. मालक बोंबलेल.”

चॅम्पियन थोडा वेळ घुटमळला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि काठी टेकत निघून गेला. नकल्या इतका चिडला की एका बाहीला दोनदा घडी पडली. खात्री करून घ्यायला आला होता लेकाचा! चोराच्या मनात चांदणं. एवढ्या वर्षांत मी कुणाजवळ ब्र काढला का? घरी बायकोला सांगितलं नाही, आणि ह्याला उद्याची काळजी! त्या संध्याकाळी तो जेवला नाही धड. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला, काही नाही, डोकं दुखतंय. ते खोटंही नव्हतं.

नव्या हॉलमध्ये रंगाचा वास कोंडला होता. खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, त्यामुळे कुणी हललं की चरचर आवाज व्हायचा. दर्शनी भिंतीवर फोटोंसाठी खिळे ठोकून तयार होते. नकल्याने अंगात स्वतःच इस्त्री केलेला शर्ट घातला होता. आत शिरताना त्याने पाहिलं, तर शेवटच्या रांगेत चॅम्पियन येऊन बसलेला. बोलावलं नव्हतं तरी आला होता. बघ म्हणावं आता, नकल्या मनात म्हणाला, आणि पुढे जाऊन बसला.

“आम्ही तशी उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं,” पत्रकाराने सुरुवात केली. “आम्ही नुसतं बघितलं. तुम्ही त्यांच्यासमोर रोज उभे राहिलात. म्हणून तुम्हाला त्रास दिला. तुमच्या मते चॅम्पियन आजवरच्यात कितवे?”

“पहिला,” नकल्या म्हणाला. प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

“का?” पंचांनी विचारलं. खोचकपणे नाही, मनापासून.

आणि नकल्याने सांगितलं. इतकं चांगलं तो आयुष्यात कधी बोलला नसेल. तो म्हणाला, ठोसा मारायच्या आधी प्रत्येकाचं काही ना काही हलतं. कुणाची भुवई, कुणाचा खांदा, कुणाची टाच. मी एवढे गडी अंगावर घेतले, प्रत्येकाचं कुठे हलतं ते मला ठाऊक आहे. ह्याचं काही म्हणता काही हलायचं नाही. ठोसा आला हे लागल्यावर कळायचं. आणि तो चिडायचा नाही. मी मुद्दाम चिडवायचो, समोरचा चिडवणारा असेल तर तेही माझं कामच. पण हा आपला शांत. घरी जाताना विचारायचा, लागलं का रे जास्त?

“आणि गोदीवाला?”

“मोठा माणूस. त्याच्या फिल्मा बघितल्यात मी. पण त्याचा खांदा बोलायचा.”

पत्रकार हसला. पंचही हसले. नकल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जमतंय, त्याला वाटलं. आता जमलं.

“मग आता एकच राहिलं,” पंच म्हणाले. “डावखुरा. लढत रद्द झाली ती नक्की कशामुळे?”

“हात दुखावला होता.”

“तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“म्हणजे काय! सुजला होता. मूठ वळत नव्हती.”

“कुठला हात?”

“उजवा.”

“डावा,” मागून बारीक आवाज आला. “पट्टी डाव्या हाताला होती. आणि हाताला काही झालं नव्हतं.”

खुर्च्या चरचरल्या. चॅम्पियन उठून उभा राहिला होता, दोन्ही हात काठीवर. डॉक्टरांना डुलकी लागली होती ती गेली.

“साहेब, तुम्ही त्याचं मनावर घेऊ नका,” नकल्या घाईघाईने म्हणाला. “आम्ही डोक्यावर मार खाल्लेली माणसं. वय झालं की असं इकडचं तिकडे होतं. डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगा.”

“माझ्या डोक्यावर कुठे एवढे पडले?” चॅम्पियन म्हणाला. “मी मारलेले सगळे तू खाल्लेस. बस खाली. काल तुला हेच सांगायला आलो होतो, तू इस्त्री सोडलीस का? पंचसाहेब, मी सरावात पडलो. बसलो खाली. आणि घाबरलो. वस्ताद म्हणाला, हात दुखावला म्हणून सांगू, मी म्हटलं सांग. मी पळालो. गोदीवाल्याची माणसं म्हणतात ते खरं आहे. एवढी वर्षं मला बोलवत नव्हतं. आता माझा फोटो त्या खिळ्याला लागायच्या आधी बोलतो.”

 घरच्या म्हाताऱ्याने घर पेटवून द्यावं तसं हा सगळ्याचं वाटोळं करत होता, आणि तेही आता, जमत आलेलं असताना! नकल्या उठलाच.

“अरे, कोणीही पडला असता! ठोसा डावखुऱ्याचा होता. साहेब, माझ्या नकलेने जर हा खाली बसतो, तर तो खरा केवढा असेल, तुम्हीच बघा की! त्याच्यापासून बाजूला होणं ह्याला पळणं म्हणत नाहीत. शहाणपण म्हणतात.”

हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की पडल्याची साक्ष आपणच देऊन बसलो. पण आता इलाज नव्हता.

“पण तो डावखुरा एवढा नव्हता हो,” पत्रकार हळूच म्हणाला. “पुढच्याच हंगामात एका सुमार गड्याने त्याला लोळवला. मी होतो तिथे. नंतर तो पुन्हा उठलाच नाही.”

“एखाद्याचा दिवस वाईट असतो.” हे उत्तर नकल्याकडे फार दिवसांपासून तयार होतं.

“दिवस नाही,” चॅम्पियन म्हणाला. तो आता पुढे आला होता, एकेक खुर्ची धरत. नकल्याच्या डाव्या बाजूला येऊन त्याने दम घेतला. “तो ठोसा कसा मारलास ते आठवतं तुला?”

“आठवतं. त्याच्यासारखाच.”

“पाय?”

“काय पाय?”

“पाऊल आत टाकलंस. माझ्या पुढच्या पायाच्या बाहेरून अर्धं पाऊल आत, आणि मग ठोसा. डावखुरा लांबून खेळायचा. मारला की मागे. मारला की मागे. मी त्याच्या सगळ्या फिल्मा नंतर बघितल्या, त्या संध्याकाळपासून बघत बसलो. एकीतही तो पाऊल आत टाकत नाही. त्याला ते येतच नव्हतं.”

 नकल्याला फिल्म लावायची गरज नव्हती. सगळ्या डोक्यात होत्या, बाकीचं आयुष्य पुसट होत गेलं तरी ह्या फिल्मा कधी पुसल्या गेल्या नाहीत. त्याने पहिली बघितली. डावखुरा मारतो, मागे. दुसरी बघितली. मारतो, मागे. तो उभ्या उभ्या एकामागून एक बघत गेला, आणि समितीतली तिन्ही माणसं त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याचे ओठ हलत होते. शेवटची फिल्म संपली. पाऊल कुठेच नव्हतं.

“ते माझं होतं,” तो म्हणाला.

“तुझं होतं. मी डावखुऱ्याला कशाला घाबरू? मी त्याला समोरून कधी बघितलंसुद्धा नाही. मी तुला घाबरलो.”

“हे तुला कधी कळलं?”

“त्याच संध्याकाळी.”

“वस्तादाला?”

“त्याला तर मी पडायच्या आधीच कळलं असेल. तो वस्ताद होता.”

नकल्याने खुर्चीची पाठ धरली. त्या वेळी तो तिशीचाही नव्हता. कान दोन्ही चालत होते. त्यानंतर कितीतरी गडी त्याने अंगावर घेतले, कितीतरी हिवाळे त्या रिंगमध्ये उभं राहून काढले, आणि घरी जाताना हा विचारायचा, लागलं का रे जास्त?

“मग मला सांगितलं का नाही?” त्याचा आवाज चढला नाही. चढायला लागणारी ताकदच त्याच्यात उरली नव्हती.

चॅम्पियनने मान खाली घातली नाही, एवढं त्याच्याबद्दल म्हणायला हवं. “सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू आला असतास? माझ्यासमोर मार खायला? मला तू हवा होतास. तुझ्यासारखा दुसरा नव्हता.”

 डॉक्टर उठले, नकल्याची नाडी बघावी असं त्यांना वाटलं असावं, पण तेही मध्येच बसले. चांगली माणसं होती, पण वरातीमागून आलेल्या घोड्याचं करायचं काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी पंच म्हणाले, “आम्ही तुमचं नाव भिंतीवर घालू शकत नाही. तुमच्या नावावर एकही लढत नाही. मला वाईट वाटतं. खरंच वाटतं.”

“नाही, नाही,” नकल्या म्हणाला. “माझं कुठे काय?”

“पण मत तुमचं अजूनही हवंय. आता तर जास्तच. तुमच्या मते हे कितवे?”

नकल्याने चॅम्पियनकडे पाहिलं. म्हातारा झाला होता. ओठ कोरडे पडले होते. आजवर नकल्याने त्याला समोरूनच पाहिलं होतं, दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांनी, आणि त्या सगळ्यांच्या डोळ्यांना तो पहिलाच दिसला होता. सकाळी घरून निघताना हे उत्तर नकल्याच्या जिभेवर होतं. अजूनही ते तिथेच होतं. एक शब्द बोलला असता तर खाल्लेला सगळा मार पहिल्याचा झाला असता.

“मी त्याला पाडलेला आहे, साहेब,” तो म्हणाला. “मी पाडलेल्या माणसाला मी पहिला कसा म्हणू?”

“बरोबर आहे,” चॅम्पियन म्हणाला, आणि जवळच्या खुर्चीत बसला.

नकल्या एकटाच पायऱ्या उतरला. पुन्हा कामावर जायला हवं होतं, पण तो गेला नाही. घरी आला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि बायको गॅलरीतले कपडे काढत होती. एवढ्या लवकर आलेला पाहून ती हातातले कपडे तसेच घेऊन आत आली.

“काय झालं? लागला का तुमचा पहिला?”

“नाही.”

“जाऊ दे मग. जिवाला लावून घेऊ नका.”

तो पलंगाच्या कडेला बसला, बुटांसकट. “मी त्याला पाडला होता,” तो म्हणाला.

“कुणाला?”

“त्याला. चॅम्पियनला. एकदा सरावात. मला वाटत होतं डावखुऱ्याने पाडला. पण तो मीच होतो. मी चांगला होतो गं. त्याच्याहून चांगला होतो.”

ती ऐकत राहिली. तिने त्याला रिंगमध्ये कधी पाहिलं नव्हतं, तिथे बायकांना नेत नसत. तिने पाहिला होता तो घरी आलेला माणूस. हातातले कपडे तिने बाजूला ठेवले आणि त्याच्या चांगल्या कानाशी येऊन बसली.

“मग तुम्ही का नाही हो लढलात?” तिने विचारलं.

त्याने विचार केला. खरंच केला, जणू ह्याचंही उत्तर कुठल्यातरी फिल्ममध्ये सापडेल.

“कुणी सांगितलंच नाही,” तो म्हणाला.